श्रावणातली दारूबंदी आणि करीचा दिवस

(मूर्तिजापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात श्रावण महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘व्यसन आणि श्रमिक’ असा दिला आहे. या विषयावर आपण सर्वांनी आजवर इतकी भाषणे ऐकली आहेत की आणखी एक ऐकल्याने कोणाचे काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा तेवढा घेणार आहे. सध्या श्रावण चालू आहे. आपल्या तालुक्यात एरवी रोज पिणारे कितीतरी लोक या महिन्यात पीत नाहीत. गटारी अमावास्येला मन भरेपर्यंत पितात, दुसऱ्या दिवसापासून बाटलीला शिवत नाहीत, आणि पोळा आटोपला की करीच्या दिवशी पुन्हा सुरू करतात. या एका महिन्याच्या विरामाचे मोल काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

परवा बाजारात एक ओळखीचा हमाल भेटला. रंग थोडा उजळलेला, डोळे स्वच्छ. मी प्रकृतीची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “मी तं सरावन पाळतो सर. महिनाभर हातबी लावत नाई. अकरा महिन्यांचं सारं धुऊन निंघते.” मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले, त्यामुळे त्याच्या बोलण्यातला जमाखर्च मला लगेच दिसला. अकरा महिने नावे, एक महिना जमा, आणि वर्षअखेरीस खाते बरोबर. आपण पुरोगामी मंडळी असे बोलणे ऐकले की एक तर हसतो, नाही तर कर्मकांड म्हणून झिडकारतो. मला यातले काहीच करवले नाही. कारण त्या माणसाच्या विधानाचा अर्धा भाग खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग त्याचा जीव घेऊ शकतो.

खरा भाग प्रथम पाहू. विलायतेतही आता असा एक श्रावण निघाला आहे. ‘ड्राय जानेवारी’ या नावाने २०१३ पासून तिथे लोक वर्षाचा पहिला महिना दारूविना काढतात. नाताळात भरपूर प्यायचे आणि जानेवारीत थांबायचे. आपली गटारी आणि आपला श्रावण यांच्याशी हे इतके जुळते की पंचांग सोडले तर फरक थोडाच. तिथल्या संशोधकांनी या महिन्याचे मोजमाप घेतले. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक महिना दारू सोडलेल्या ९४ जणांची तपासणी होती. शरीरातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला होणारा विरोध सुमारे २५ टक्क्यांनी घटला, वजन दीड टक्क्याने कमी झाले, रक्तदाबही उतरला. यकृतात साचलेली चरबी दारू थांबल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागते, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. झोप सुधारते, भूक लागते, सकाळी हात चालतात. तेव्हा आमच्या हमालाच्या चेहऱ्यावरचा उजाळा हा त्याच्या श्रद्धेचा भास नव्हता. शरीर मोठे उदार असते, सवलत मिळाली की ते लगेच डागडुजीला लागते.

पण डागडुजी म्हणजे धुऊन निघणे नव्हे. जे यकृत वर्षानुवर्षांच्या पिण्याने कठीण होऊन आकसले आहे ते एका महिन्यात मऊ होत नाही. दारू हे कर्करोगाचे कारण आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. तो धोका आयुष्यभर किती प्यालो यावर वाढत जातो, आणि श्रावणाचा शिधा देऊन तो फिटत नाही. शिवाय ज्या ९४ जणांचा मी उल्लेख केला ते स्वतःहून पुढे आलेले, खाऊनपिऊन बरे असलेले लोक होते. आमचा मजूर उपाशीपोटी पितो आणि बहुधा देशी पितो. लंडनचे आकडे त्याला जसेच्या तसे लागू करणे हे चांगल्या अर्थशास्त्राचेही लक्षण नव्हे आणि चांगल्या वैद्यकाचेही.

आता जीव घेणाऱ्या भागाकडे वळतो. ही गोष्ट मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही. पस्तीसएक वर्षांपूर्वी मी महाविद्यालयात नव्याने शिकवू लागलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही काही मित्र खेड्यांतून व्यसनमुक्तीच्या सभा घेत असू. एका गावात श्रावणाच्या आदल्या दिवशी सभा झाली. जिनिंगमध्ये काम करणारा एक गडी होता. सकाळी उठल्या उठल्या त्याला लागत असे, हे सर्व गावाला माहीत होते. त्याला आम्ही पुढे बोलावले, बायकोच्या देखत शपथ घ्यायला लावली, आणि मी त्याचे तोंड भरून कौतुक केले. टाळ्या झाल्या. त्याने शपथ खरोखरच पाळली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला. त्यानंतर फिट आली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले आणि तो अंधारात कोणाशी तरी बोलू लागला. घरच्यांना वाटले, बाहेरचे झाले. भगताला बोलावले गेले. दवाखान्यात नेईपर्यंत चौथा दिवस उजाडला होता, आणि तो वाचला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको एवढेच म्हणाली, “तुमीनंच सोडाले सांगतलं सर, त्याईनं सोडली.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

तो कशाने गेला हे मला नंतर एका डॉक्टर मित्राने समजावून सांगितले. रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या ओझ्याखाली काम करायला शिकलेला असतो. ओझे एकाएकी काढले तर तो उसळतो. पहिल्या दिवशी कंप आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, अशी साधारण वाट असते. वेळेवर दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी शामक औषध दिले, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, पाणी आणि अन्न पोटात गेले, तर हे टळते. यात भगताचे काही काम नाही आणि वक्त्याचेही नाही. जो माणूस संध्याकाळी पितो आणि सकाळी कामावर जातो त्याने श्रावण पाळला तर त्याला थोडी बेचैनी होईल, एवढेच. ज्याचा हात सकाळी दारूशिवाय स्थिर राहत नाही त्याला श्रावणाची शपथ घालणे म्हणजे त्याला विहिरीत ढकलणे आहे. त्याने दारू सोडूच नये असे मी म्हणत नाही. त्याने ती डॉक्टरांच्या हाताखाली सोडावी. हा भेद आमच्या एकाही पत्रकात तेव्हा नव्हता, आणि आजच्या आपल्या पत्रकातही मला तो दिसला नाही.

ही एका गावातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि सर्व देशाला एका दिवसात श्रावण पाळावा लागला. केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढल्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुकाने पुन्हा बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पिऊन मजूर मेले. ज्या यवतमाळकडे आपल्या गावाहून शकुंतला जात असे त्याच जिल्ह्यातली ही माणसे. त्यांना विष प्यायची हौस नव्हती. त्यांच्या शरीराने मागणी केली, आणि त्या मागणीला उत्तर देणारी एकही व्यवस्था त्यांच्या आसपास नव्हती. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेले ३७ जण शपथ, भगत आणि नशीब यांच्या भरवशावर आहेत.

येथे कोणी विचारील, मग श्रावणाला अर्थ काय उरला? मला वाटते, श्रावणाचा खरा अर्थ आरोग्याच्या पलीकडे आहे, आणि आपण समाजवाद्यांनी तो नेमका हेरला पाहिजे. एरवी जो माणूस एक संध्याकाळ थांबू शकत नाही तो तीस दिवस कसा थांबतो? त्याचा निर्धार श्रावणात अचानक वाढतो काय? तसे नाही. श्रावणात त्याचे सोबती थांबलेले असतात. भट्टीवर जाण्याची हाक येत नाही. ‘घे रे थोडी’ म्हणणारा स्वतःच सोमवारचा उपास करीत असतो. अकोल्यात शेवटच्या सोमवारी राजेश्वराला पूर्णेचे पाणी घेऊन जाणाऱ्या कावडींत आपल्याकडचीही पोरे सामील होतात. खांद्यावर कावड असताना प्यायला तर मंडळातली पोरेच त्याला बाजूला काढतात. घरी बायको नाराज नसते. ‘नाही’ म्हणण्यासाठी कारण द्यावे लागत नाही, ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द पुरतात, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. म्हणजे ज्याला आपण व्यक्तीचा संयम समजतो तो वस्तुतः समूहाचा संयम असतो. करीच्या दिवशी हा समूह जागेवरून उठतो, आणि माणूस एकटा पडतो.

ज्यांनी दारू कायमची सोडली त्यांच्याकडे पाहा. वारकऱ्याने माळ घातली की त्याची सोबत बदलते, फडातली, दिंडीतली माणसे त्याची होतात. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी घातली, आणि ती एकट्यादुकट्याला न देता लाखोंच्या समुदायाला एकत्र दिली. वर्षावासात आजही आमच्या कितीतरी वस्त्यांत विहारात रोज वाचन चालते, त्या काळात पिणाऱ्याला तिथे तोंड दाखवणे जड जाते. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभाही याच तत्त्वावर चालतात. जन्मभराची शपथ ते मागत नाहीत, आजचा दिवस मागतात. पण तो दिवस एकट्याने काढायला सांगत नाहीत, रोज सोबत बसवतात. तेव्हा विराम एक दिवसाचा की एक महिन्याचा, हा प्रश्न दुय्यम आहे. विराम संपतो तेव्हा शेजारी कोण बसलेले असते, हा प्रश्न मुख्य आहे.

मूर्तिजापुरात उभे राहून या विषयावर बोलायचे आणि गाडगेबाबांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. त्यांचे नाव आपण झाडूपुरते ठेवले आहे. पण त्यांच्या आयुष्याच्या आरंभी दारू आहे. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. घर मोडले, आणि आई त्याला घेऊन आपल्या याच तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला डेबूजीने जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता गोडाचे जेवण दिले. या प्रसंगाकडे आपण नीट पाहत नाही. तो स्वतः पीत नव्हता, त्यामुळे त्याच्या सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने भाऊबंदांच्या पंगतीतून दारू काढली. पंगत मोडली नाही, जेवण दिलेच, लोकांना बोलावलेच. एकट्याने सोवळे राहणे सोपे असते. पंगत कायम ठेवून तिच्यातली दारू काढणे कठीण असते, आणि त्यासाठी भाऊबंदांचा रोष पत्करावा लागतो.

आता थोडे पैशाचे बोलतो, नाहीतर मी अर्थशास्त्राचा माणूस आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने मद्यावरील शुल्क वाढवले तेव्हा देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची, आपल्या भाषेत पव्व्याची, किमान किंमत ८० रुपये झाली. रोज एक पव्वा धरला तर श्रावणाचे २४०० रुपये वाचतात. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तर ही आठ दिवसांची मजुरी झाली. आणि हा महिना कोणता? पेरणीत होते नव्हते ते संपलेले, कापूस घरात यायला अवकाश, निंदण-डवरणी मिळेल त्या दिवशीची कमाई. वऱ्हाडातल्या मजुराच्या घरात सर्वांत ओढीचा काळ हाच. या काळात २४०० रुपये घरात राहिले तर फरक दिसायला हवा. मी बचत गटातल्या काही बायांना विचारले. एकीने सांगितले, “सरावनात वाचलं ते करीले गेलं.” दुसरी म्हणाली, वाचले कुठे, भट्टीवाल्याची मागची उधारी फेडली. आमचा हमाल शरीराचा जमाखर्च मांडतो, पण घराचा जमाखर्च या बायाच मांडू जाणे. आणि त्यांच्या वहीत श्रावणाची जमा कुठेच चढत नाही.

सरकारच्या वहीत मात्र सर्व काही नीट चढते. त्याच २०२५ च्या शुल्कवाढीतून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज सांगण्यात आला. राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम सरकारला नशाबंदीच्या दिशेने जायला सांगते. आपल्या राज्यात दारूचे परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात त्याचे नावच दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा. विनोद म्हणून हे ठीक आहे, पण ज्या सरकारचा खर्च पव्व्यावर चालतो ते सरकार करीच्या दिवशी मजुराने घरी बसावे म्हणून काही करील अशी आशा करू नये. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली. बंदी हवी की नको, या वादात मी आज शिरत नाही. त्यात आपल्या पक्षातच दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजूंना माझे मित्र आहेत. आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद पाडणाऱ्या बायांना मात्र माझा बिनशर्त पाठिंबा आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पंगतीतून दारू काढण्याचे काम त्या आज करीत आहेत.

आता आपल्या कामाविषयी. विलायतेतल्या ससेक्स विद्यापीठाने ड्राय जानेवारीत भाग घेतलेल्या ८५७ जणांची पाहणी केली. सहा महिन्यांनी पाहिले तर पुष्कळ जण पूर्वीपेक्षा कमी पीत होते, दारू नाकारण्याची आपली ताकद वाढली असे सांगत होते. महिना पुरा न करू शकलेल्यांतही थोडा फरक दिसला. याचा अर्थ तात्पुरता विराम हा शाळेसारखा असू शकतो, त्यात ‘नाही’ म्हणण्याचा सराव होतो. मग आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या श्रावण पाळूनही हा सराव पुढे का टिकत नाही? माझे उत्तर असे की आपला श्रावण माणसाला काही शिकवतच नाही. तो देवाशी केलेला करार असतो, आणि कराराची शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. तीस दिवस माणूस आपण काय कमावले याचा विचार न करता करीला किती दिवस उरले ते मोजत असतो. हे मोजणे बदलता आले तर काही होईल.

म्हणून माझ्या मनात दोन-तीन साध्या गोष्टी आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवतो. पोळ्याला अजून काही दिवस आहेत. ज्यांनी श्रावण पाळला आहे त्यांच्या घरी जा, पण उपदेश करायला जाऊ नका. त्यांना विचारा, झोप कशी लागते, जेवण कसे जाते, पैसे कुठे गेले. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, बायकोच्या देखत सांगावे. शपथ मात्र घालू नका, मी एकदा घातली होती. ज्याचे हात सकाळी थरथरतात असा माणूस दिसला तर त्याला सोड म्हणू नका, त्याला घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा, आणि त्याच्यासोबत दोन दिवस बसायची तयारी असेल तरच जा. आणि करीच्या दिवशी, ज्या वेळी भट्टीकडे पावले वळतात त्या वेळी, म्हणजे साधारण दुपारी चारनंतर, आपल्या कार्यालयासमोर जेवण ठेवायचे. बैल आदल्या दिवशी सजून झालेले असतात, माणसे रिकामी असतात, आणि रिकामा माणूस कुठे तरी जाणारच. मटण खाणाऱ्यांसाठी मटण असावे, याबाबतीत मी गाडगेबाबांइतका कडक नाही. भजनी मंडळाला बोलवा, पोरांचा कबड्डीचा सामना ठेवा. पैसे किती लागतील याचा अंदाज मी काढून आणला आहे, तो फार नाही. माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी देतो.

हे काम एका वर्षात होणार नाही. पहिल्या वर्षी दहा माणसे येतील, त्यांतली चार जेवून भट्टीवर जातील. तरी पुढच्या वर्षी पुन्हा ठेवायचे. आचाऱ्याला आजच सांगावे लागेल, कारण पोळ्याच्या सुमारास तो मिळत नाही. जेवणाची जबाबदारी कोण घेतो, ते आता सांगा.